मुकी पेटी

पेटी विकत घेणें म्हणजे काय, हें मीं वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षींच पाहिलें होतें. वडील मला घेऊन इंदापुराहून पुण्यास गेले होते. दुकानदारानें एकामागून एक पेट्या पुढें मांडल्या. लाकडाची चकाकी, पट्ट्यांचा शुभ्रपणा, पितळी कड्यांचें तेज, यांचें त्यानें भरपूर वर्णन केलें. वडिलांनीं त्यांतल्या एकीकडेहि नीट पाहिलें नाहीं. ते प्रत्येक पेटीवर एकच पट्टी दाबीत, डोळे मिटीत आणि भाता थांबवून तो सूर विझेपर्यंत ऐकत बसत. शेवटीं जी पेटी त्यांनीं पसंत केली ती त्या दुकानांतली सर्वांत कुरूप पेटी होती. परत येतांना एस्. टी. मध्यें ती मांडीवर घेऊन ते मला म्हणाले, "पेटी कानानें घ्यावी, डोळ्यानें घेऊं नये."

हा उपदेश मीं चाळीस-बेचाळीस वर्षें जपून ठेवला. आणि जेव्हां माझ्यावर पेटी घेण्याची पाळी आली तेव्हां तो कवडीच्याहि उपयोगीं पडला नाहीं. कारण मला जी पेटी घ्यावयाची होती तिला आवाजच नव्हता. पट्ट्या होत्या, काळ्या होत्या, पांढऱ्या होत्या, अगदीं ओळीनें होत्या. पण दाबल्या असतां लाकडावर बोट आपटल्याचा मंद आवाज येई, एवढेंच. बाजारांत तिला मिडी कंट्रोलर म्हणतात. आमच्या घरांत तिला मुकी पेटी असें नांव पडलें आहे, आणि मला वाटतें तें अधिक यथार्थ आहे.

ही विचित्र खरेदी माझ्या वांट्यास कां आली, तें आधीं सांगितलें पाहिजे.

माझे वडील इंदापुरास असतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतों. तेथील एका भजनी मंडळांत त्यांनीं चाळीसांहून अधिक वर्षें पेटी वाजविली. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी करीत इंदापुरास मुक्कामाला येते, त्या रात्रीं तर ते घरीं कधीं नसतच. दोन वर्षांपूर्वीं एका पहाटे त्यांच्या डाव्या अंगावरून वारें गेलें. वाचा शाबूत राहिली, बुद्धि शाबूत राहिली, उजवा हात आणि पायहि शाबूत राहिला. समाचारास येणारे लोक म्हणत, "देवाची कृपा! उजवा हात वांचला, आतां पेटीला भय नाहीं." अण्णा नुसते हंसत. पेटीशीं ज्यांचा संबंध केवळ ऐकण्यापुरता आलेला असतो त्यांना असें वाटतें कीं ती उजव्या हातानें वाजते. उजवा हात सूर निवडतो, इतकेंच. त्याला जिवंत ठेवतो तो डावा. भात्यावरचा हात किंचित् कांपला तर सूर कांपतो, तो हात भरून आला तर सूर भरून येतो. अण्णांचा सूर निवडणारा हात राहिला होता. श्वास घेणारा गेला होता.

शेजारचा एक मुलगा भाता हलवावयास बसविण्याचा प्रयोग एकदां झाला. पोर गुणी होतें. ताल सोडीत नव्हतें. पण पांच मिनिटांतच अण्णांनीं हात उचलला. ते म्हणाले, "माझा श्वास दुसऱ्यानें घ्यावा तसें होतें रे." त्यांनीं पेटीवर खोळ चढविली, ती पुन्हा काढली नाहीं. त्यानंतर त्यांचें बोलणेंहि हळूहळू कमी होत गेलें, आणि मी दर रविवारीं बारामतीहून जाऊन त्यांच्यासमोर वर्तमानपत्र वाचीत बसूं लागलों.

अशा वेळीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो पूर्वीं एका वाद्यवृंदांत की-बोर्ड वाजवीत असे. आतां सगळीं वाद्यें संगणकांत गेल्यामुळें त्याला त्याच्या जुन्या सामानाची अडगळ झाली होती. त्यानें मला एक काळी लोखंडी पेटी आणून दिली: एकोणीस इंच रुंद, साडेतीन इंच उंच, कपाटांतल्या खणासारखी चौकटींत बसविण्याची. रोलंड कंपनीचें हें १९९४ सालचें जे. व्ही. १०८० नांवाचें यंत्र. एका वेळीं चौसष्ट सूर काढण्याची आणि सोळा निरनिराळीं वाद्यें एकदम वाजविण्याची त्याची शक्ति आहे. मात्र त्याला एकहि पट्टी नाहीं. म्हणजे तो नुसता गळा होता. त्याला हात हवे होते. "सर, याला एक कंट्रोलर जोडा, अण्णांना भाता लागणार नाहीं," असें सांगून तो निघून गेला. इतकें सोपें काम माझ्यावर सोंपविण्यांत त्यानें माझी योग्यता फार वाढवून धरली होती.

गळा एकीकडे आणि हात दुसरीकडे, ही व्यवस्था मला प्रथम अनैसर्गिक वाटली. पण थोडा शोध घेतल्यावर ध्यानांत आलें कीं वाद्यांच्या इतिहासांत अशी फाटाफूट आणि पुन्हा जुळवाजुळव नेहमीं चालूच असते. आपली पेटी तरी कोठें मूळची आपली? पॅरिसमध्यें आलेक्सांद्र दबाँ या कारागिरानें १८४० च्या सुमारास हार्मोनियम तयार केला, तेव्हां त्याचा भाता पायांनीं चालत असे आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असत. आपल्याकडे गवई आणि कीर्तनकार जमिनीवर बसणारे. त्यांच्यासाठीं हा भाता पायांकडून काढून हाताकडे देण्यांत आला. या सुधारणेचें श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना देतात. संगीत नाटकांच्या रंगभूमीवर पायपेटी पुढें पुष्कळ वर्षें नांदली. परंतु देवळांत, माजघरांत आणि फडावर हातपेटीच राहिली. म्हणजे अण्णांवर जी आपत्ति आली होती तिचें बीज एकोणिसाव्या शतकांत कलकत्त्यास पेरलें गेलें होतें! भाता पुन्हा पायाकडे गेला तर? पायपेटीला दोन्ही पाय लागतात, आणि अण्णांचा एकच पाय धड होता. पण या नव्या वाद्यांत एका पायाच्या दाबपट्टीनें सूर फुगवितां आणि उतरवितां येतो, असें विद्यार्थ्यानें बोलतां बोलतां सांगितलें होतें. तेवढ्या आशेवर मी खरेदीस निघालों.

हात आणि गळा यांच्यामध्यें जो निरोप्या धांवतो त्याचें नांव मिडी. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ या दोन वाद्यकारांनीं पुढाकार घेतला आणि १९८३ च्या जानेवारींत एका कंपनीचें वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला जोडून वाजवून दाखविण्यांत आलें. प्रतिस्पर्धी दुकानदारांनीं एक भाषा ठरवावी आणि ती चाळीसांहून अधिक वर्षें टिकावी, हें मला भाषाशिक्षक या नात्यानें फार मोठें आश्चर्य वाटतें. ही भाषा अत्यंत मितभाषी आहे. अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, एवढ्या वेगानें दाबली, आतां सोडली: असे तिचे निरोप. त्यांत आवाजाचा लवलेश नसतो; सगळे आंकडे, आणि तेहि बहुतेक शून्यापासून एकशें सत्तावीसपर्यंतच. एक निरोप तारेंतून जावयास सुमारें एक सहस्रांश सेकंद लागतो. शिवाय निरोप घेणाऱ्या यंत्राच्या तोंडाशीं तारेंतल्या विजेचें रूपांतर प्रकाशांत करून पलीकडे तो प्रकाश टिपण्याची योजना असते. त्यामुळें एका यंत्राची वीज दुसऱ्यास शिवत नाहीं. सोंवळें पाळणारे वैदिकहि याहून कडक सोंवळें पाळीत नसतील.

एवढें ज्ञान संपादन करून मी पुण्यास गेलों आणि पहिल्याच झपाट्यांत चुकलों. दुकानांत अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांची एक भव्य मुकी पेटी होती. तिच्या पट्ट्यांखालीं पियानोप्रमाणें हातोड्या बसविलेल्या असल्यामुळें त्या बोटाखालीं जड, भारदस्त लागत. दुकानदार म्हणाला, "साहेब, घ्यायची तर हीच. बाकीचीं सगळीं खेळणीं." सुशिक्षित मनुष्याची एक खोड अशी कीं जें महाग, मोठें आणि दूरदेशींचें असेल तें त्याला आपोआप शास्त्रशुद्ध वाटतें. कान तर येथें निरुपयोगी होता. मीं डोळ्यांनीं खरेदी केली. ती पेटी मोटारीच्या मागच्या आसनावर मावेना; तिचें एक टोंक खिडकींतून बाहेर काढून तिला भिगवणमार्गें इंदापुरास न्यावें लागलें.

तेथें दोन गोष्टी उघडकीस आल्या. पहिली अशी कीं त्या पेटीला मिडीचें पांच टोंचांचें जुनें गोल भोंक नव्हतेंच. संगणकाला जोडावयाचें यू. एस. बी. चें चपटें भोंक तेवढें होतें. आणि माझ्या १९९४ च्या यंत्राला यू. एस. बी. हा शब्दहि ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. या पद्धतींत एक मालक आणि बाकीचे चाकर असा दंडक असतो. संगणक हा मालक. मुकी पेटी हा चाकर. मालक घरांत नसतां चाकर कोणाशींच बोलत नाहीं. मध्यें एक छोटें दुभाषी यंत्र मालक म्हणून बसविलें तर काम भागतें. पण तें हातीं येईपर्यंत दुसरी गोष्ट ध्यानांत आली, आणि तिच्यावर कोणत्याहि यंत्राचा इलाज नव्हता. अण्णांनीं उजव्या हाताचें मधलें बोट एका पट्टीवर ठेवलें. पट्टी अर्धीच खालीं गेली. त्यांनीं पुन्हा दाबली. ती खालीं गेली, पण बोटाला कष्ट झालेले स्पष्ट दिसले. "अरे, ही ढकलावी लागते," ते म्हणाले, "पेटीची पट्टी नुसती सांगितली कीं जाते." त्यांनीं हात मांडीवर घेतला आणि वर्तमानपत्र मागितलें.

परतीच्या वाटेवर लासुर्णें गेलें, बेलवाडी गेली, भवानीनगरच्या कारखान्याची मळी नाकांत शिरली, तरी तें वाक्य माझ्या मनांतून जाईना. मीं वाद्य पाहिलें होतें, किंमत पाहिली होती, हातोड्या पाहिल्या होत्या. ज्या हातासाठीं हें सारें चाललें होतें तो हात मात्र पाहिला नव्हता. मुकी पेटी घेतांना कान उपयोगी नाहीं हें खरें. पण त्याचा अर्थ डोळ्यांनीं घ्यावी असा होत नाहीं. ती बोटानें घ्यावी, आणि बोट ज्याचें त्याचें.

दुसऱ्या खेपेस मीं दुकानांत जाण्यापूर्वींच एका कागदावर टिपण केलें. सप्तकें किती? अण्णांच्या जुन्या पेटीला साडेतीन सप्तकें, म्हणजे बेचाळीस पट्ट्या; तेव्हां एकूणपन्नास पुष्कळ झाल्या. पट्ट्या कशा? हातोड्यांच्या नकोत, साध्या स्प्रिंगवर बसविलेल्या, हलक्या हव्यात. पण इतक्या सैलहि नकोत कीं थरथरणाऱ्या बोटानें शेजारची पट्टी बोलूं लागावी. पट्टी किती वेगानें दाबली तें पेटी मोजते, त्याचें काय? पियानोवाल्याला तें हवें, पेटीवाल्याला नको. पेटींत पट्टी हळू दाबा कीं जोरानें दाबा, सूर भात्याच्याच आज्ञेंत असतो. तेव्हां वेगाचा आंकडा कायमचा एकच ठेवण्याची सोय पाहिजे. पायाची दाबपट्टी जोडावयास जागा पाहिजे. आणि सर्वांच्या आधीं, तें पांच टोंचांचें गोल भोंक पाहिजे! हा कागद पुढें केल्यावर दुकानदारानें कोपऱ्यांतून जी पेटी काढली ती सर्वांत स्वस्तहि नव्हती आणि सर्वांत देखणी तर मुळींच नव्हती. मीं उजव्या हाताचें मधलें बोट सैल सोडून तिची प्रत्येक पट्टी दाबून पाहिली. दुकानांतलीं पोरें हंसत होतीं. मला मात्र त्या वेळीं चाळीस वर्षांपूर्वींच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची आठवण येत होती.

त्या रविवारीं मुकी पेटी आणि हातावेगळा गळा यांची गांठ पडली. या यंत्रांतील एकशें अठ्ठावीस ध्वनींची एक यादी १९९१ सालीं सर्व जगासाठीं ठरविलेली आहे. तींत सतार एकशें पांचाव्या स्थानीं आहे, सनई एकशें बाराव्या स्थानीं आहे. पेटी मात्र त्या नांवानें कोठें नाहीं. एकविसावा रीड ऑर्गन हा तिचा युरोपांतला वडील भाऊ. तो लावला. अण्णांनीं काळी दोनचा षड्ज धरला, मग गांधारावर आले आणि थांबले. पुन्हा गांधार. "हा चढा आहे," ते म्हणाले.

मला मनांतून हंसूं आलें, कारण हा वाद फार जुना आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या पेटीचा गांधार तंबोऱ्यांतून उमटणाऱ्या गांधाराहून अर्धस्वराच्या सुमारें चौदा शतांशांनीं चढा असतो. पेटीला मींड येत नाहीं आणि तिचे सूर खरे नव्हेत, या आक्षेपांवरून १९४० सालीं नभोवाणीनें तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ सालीं अंशतः उठली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं जें वाद्य मैफलींत मानानें बसविलें त्याला तीस वर्षें नभोवाणीच्या दाराबाहेर उभें राहावें लागलें. अण्णांनीं पेटी हातीं धरली ती त्याच बहिष्काराच्या काळांत, आणि पेटीचा गांधार चढा आहे हें जन्मभर सोसून. या यंत्रांत प्रत्येक सूर थोडा वरखालीं सरकवितां येतो. काळी दोनच्या षड्जाचा गांधार म्हणजे पांढरी पांच. मीं तिला चौदा शतांश उतरविलें. अण्णांनीं ती दाबली. बराच वेळ दाबून ठेवली. मग म्हणाले, "असा वाजतो होय! हा मीं फक्त गळ्यांत ऐकला होता."

पायाच्या दाबपट्टीशीं जुळवून घ्यावयास त्यांना कांहीं आठवडे लागले. त्यांचा मुख्य आक्षेप असा कीं पाय जेथें ठेवावा तेथें ती राहते. भात्याचें तसें नसतें. हात थांबला कीं सूर मरूं लागतो, आणि त्या मरण्याच्या भीतीनेंच वाजविणारा जागा राहतो. एके दिवशीं वाजवितां वाजवितां मधली तार सुटली. पट्टी दाबल्याचा निरोप गेला होता. सोडल्याचा निरोप जावयाचा राहिला होता. यंत्र बिचारें आज्ञाधारक. अण्णांनीं हात उचलला तरी तो सूर चालूच राहिला, न वाढतां, न कमी होतां. मी बटण शोधूं लागलों. अण्णा म्हणाले, "थांब." आम्ही दोघेहि ऐकत बसलों. थोड्या वेळानें ते म्हणाले, "बंद कर आतां. ज्याला मरण नाहीं तो सूर नव्हे." मीं वीज बंद केली. खोलींत एकदम इतकी शांतता झाली कीं दोन वर्षें त्या घरांत नव्हती असें मला वाटलें. पूर्वींची शांतता निराळी होती.

त्या दिवसापासून ते पाय एका जागीं ठेवीत नाहींत. भाता जसा मारावा तसा पाय खालीं-वर करतात. यंत्राला त्याची गरज नाहीं, त्यांना आहे. मींड नाहीं, डाव्या हाताचा जोर नाहीं, भात्याच्या लाकडाचा वास नाहीं, याबद्दल त्यांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. मी त्यांचें समाधान करण्यास जात नाहीं. आमच्या बारामतीस कऱ्हेच्या कांठीं मोरोपंतांनीं आयुष्य वेंचलें. त्यांनीं जीं अनेक रामायणें रचिलीं त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. ओंठांना ओंठ लागावा असें एकहि अक्षर त्यांत त्यांनीं येऊं दिलें नाहीं. कॉलेजांत असतांना मला ही निव्वळ कसरत वाटे. आतां वाटतें, एखाद्याला जन्मांत कधीं तरी ओंठांवांचून रामकथा सांगावी लागते. पंतांनीं तें बंधन हौसेनें घेतलें. अण्णांवर तें लादलें गेलें. पण कथा तीच सांगावयाची असते.

यंदा पालखी इंदापुरास आली तेव्हां मंडळाचे लोक रात्रीं आमच्या ओसरीवर जमले. मुक्या पेटीकडे त्यांनीं जरा संशयानेंच पाहिलें. पखवाज लागला, टाळ उठले, आणि अण्णांनीं काळी दोनचा षड्ज दिला. मी त्यांच्या मागें बसलों होतों. तार पुन्हा सुटूं नये एवढेंच माझें काम. अभंग रंगांत आला तेव्हां माझें लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलें. बसतांना तो त्यांनीं स्वतःच उजव्या हातानें उचलून पेटीच्या मागच्या कडेवर, जेथें भाता असावयाचा तेथें, ठेवला होता. तो हलत नव्हता. पण तेथून तो काढावा असें आमच्यापैकीं कोणालाहि वाटलें नाहीं.

अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांची ती भव्य पेटी माझ्या अभ्यासिकेंत उभी आहे. येणारे-जाणारे तिची फार स्तुति करतात.